बसून जेवायचा दिवस

आमच्या दादाला बसता येत नाही. म्हणजे पाय धड आहेत, कंबर शाबूत आहे, घरात खुर्च्याही आहेत. पण माणसं जेवत असताना आपण बसायचं, हे त्याच्या अंगाला ठाऊकच नाही. सगळं आयुष्य त्याने एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये लोकांच्या लग्नांत, वाढदिवसांत वाढण्यात घालवलं. तिथला नियम साधा आहे. पाहुणा बसलेला आहे तोवर वेटर उभा. वेटर जेवतो तो सगळ्यांत शेवटी, मागच्या बोळात, हातात ताट धरून, भिंतीला पाठ लावून. घरीही दादा ओट्याला टेकूनच जेवतो. वहिनी सांगते, नवीन लग्न झालं तेव्हा तिला वाटायचं की आपल्या हातचं आवडत नाही म्हणून हा माणूस पळायच्या तयारीत जेवतोय.

मी त्याची धाकटी बहीण. कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करते, कंबरा सैल करते. मला दिवसभर मशीनवरून उठायची सोय नाही. आम्हा भावंडांत बसणं आणि उभं राहणं नीट वाटलं गेलं नाही, असं आम्ही थट्टेने म्हणायचो.

चिंगी दादाची एकुलती एक मुलगी. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ती चिंगीच. शिकली, मोठ्या ऑफिसात लागली आणि तिथेच तिला मुलगा भेटला. मुलाचे वडील नावाजलेले डॉक्टर, आई कॉलेजात शिकवते. चिंगीने त्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की माझे बाबा वेटर आहेत. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नाही. त्या लोकांनीही नाक मुरडलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की ती माणसं वाईट होती. वाईट असती तर बरं झालं असतं. निदान चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते.

त्यांनी आम्हाला घरी दुपारच्या जेवणाला बोलावलं. दादा, वहिनी, मी आणि चिंगी. दादाने सकाळपासून तीनदा दाढीवरून हात फिरवून पाहिला. घर मोठं होतं, पण भपका नव्हता. पुस्तकं, झाडं, आणि पाऊल टाकलं तर आवाज येणार नाही असा गालिचा. डॉक्टरांनी स्वतः दादासाठी खुर्ची मागे ओढली. झालं, तिथेच दादा गांगरला. आपल्यासाठी कुणी खुर्ची ओढल्यावर काय करायचं असतं, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तो लगबगीने पलीकडे गेला आणि त्याने बाईंची, म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंची, खुर्ची मागे ओढली. त्या हसून बसल्या. डॉक्टर मात्र रिकाम्या खुर्चीची पाठ धरून तसेच उभे. मला हसू आवरेना. वहिनीने टेबलाखालून मला चिमटा काढला.

शेवटी सगळे बसले. त्यांच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई वाढायला आली. ती दादाच्या बाजूला यायच्या आधीच दादा कोपर आत घ्यायचा. तिच्या हातातलं भांडं जड होतं, आणि दादाची नजर तिच्या मनगटावरून हलत नव्हती. डॉक्टर त्याच्याशी बोलत होते, गुडघ्यांची विचारपूस करत होते, एकदा दवाखान्यात येऊन जा म्हणत होते. दादा हो हो म्हणत होता, पण कान त्यांच्याकडे आणि डोळे टेबलावर. कुणाचा पेला रिकामा झाला, कुणाचा रुमाल खाली घसरला, सगळं तो बघत होता आणि मांडीवरची त्याची बोटं शिवशिवत होती.

मग डॉक्टरांनी जेवण संपवून काटा आणि चमचा ताटात शेजारी शेजारी ठेवले. तुमच्या-माझ्या लेखी ते नुसते ठेवलेले चमचे. दादाच्या लेखी तो ताट उचलायचा हुकूम. कुणाला काही कळायच्या आत तो उठला, डॉक्टरांच्या उजव्या बाजूने वाकला, त्यांचं ताट उचललं, मग बाईंचं, मग मुलाचं. तिन्ही डाव्या हातावर कोपरापर्यंत रचली, चौथं, स्वतःचं, पंज्यात धरलं. आणि वाकल्या वाकल्या, अगदी हळू आवाजात, डॉक्टरांना विचारलं,

"झालं ना, सर?"

सगळ्यांत आधी दादालाच कळलं. हातावर ताटं घेऊन तो तसाच उभा राहिला. ठेवावी तर टेबलावर खरकटं, न्यावी तर कुठे न्यावी. आतून ती कामवाली बाई धावत आली आणि तिने ताटं जवळजवळ हिसकावूनच घेतली. मी दाराजवळ बसले होते म्हणून मला ऐकू आलं. ती पुटपुटली, "तुम्ही कशाला उठलात? मला बोलणी बसतील."

तिला कुणी बोललं नाही, आणि आम्हालाही नाही. डॉक्टर म्हणाले, अहो बसा बसा, सवय असते माणसाला, मीसुद्धा समारंभात गेलो की लोकांच्या डोळ्यांखालची सूज बघत बसतो. सगळे हसले. बाई म्हणाल्या की कामाबद्दल इतकी निष्ठा हल्ली बघायला मिळत नाही, मी उद्या वर्गात हे सांगणार आहे. खरंच कौतुकाने म्हणाल्या. दादा हसला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला. मुलाने चिंगीचा हात हातात घेतला. चिंगी समोरच्या आपल्या ताटाकडे बघत होती, जे अजून उचललं गेलं नव्हतं.

घरी आल्यावर दादा म्हणाला, माझं चुकलंच. चिंगी म्हणाली, काही चुकलं नाही. मग आत गेली आणि बराच वेळ तोंड धूत बसली. मी मागोमाग गेले. मला वाटलं पोरीला बापाच्या कामाची लाज वाटली, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्याच होत्या. तसं मी तिला तोडून बोललेही. ती रडत नव्हती. नळ चालू ठेवून म्हणाली, "आत्या, ताटं उचलली त्याचं काही नाही गं. बाबा त्यांना 'सर' का म्हणाले? ते आता नात्याने व्याही होणार ना बाबांचे?"

मीही दुकानात चिंगीहून लहान पोरींना मॅडम म्हणते, आणि तोंडातून ते कधी निघून जातं ते मलाही कळत नाही.

लग्न नोंदणी कचेरीत सह्या करून होणार होतं आणि नंतर दुपारी एका हॉटेलात जेवण. दादाच्या हॉटेलात नको, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होणार नाही, असं डॉक्टरांनी आपणहून ठरवलं आणि त्याहून मोठं हॉटेल घेतलं. इतका विचार कोण करतं? पण त्यांना एक गोष्ट माहीत असायचं कारण नव्हतं. मोठी पंगत असली की हॉटेलं एकमेकांकडून माणसं मागवतात. आज या हॉलमध्ये वाढणारा उद्या त्या हॉलमध्ये असतो. त्या दिवशी तिथे कोण कोण वाढायला येणार, हे दादाला आधीच कळलं होतं. त्यात लंब्याही होता, दादाच्या हाताखाली तयार झालेला, दादाच्या बरोबरीने अर्धं आयुष्य बोळात उभ्याने जेवलेला. त्याला येऊ नको म्हणावं तर त्याचा रोज बुडणार. दादाने ना डॉक्टरांना कळवलं, ना लंब्याला अडवलं.

लग्नाच्या आधीच्या रविवारी चिंगी दादासमोर जमिनीवर बसली. तो ओट्याला टेकून चहा पीत होता. तिने आधी त्याला खुर्चीत बसवलं, मग त्याचे गुडघे दोन्ही हातांनी धरले.

"बाबा, एकच दिवस. काय वाट्टेल ते होऊ दे, कुणाचं काहीही सांडू दे, तुम्ही उठायचं नाही. त्या दिवशी लोक तुम्हाला वाढतील आणि तुम्ही बसून जेवाल. मला बघायचंय ते."

दादा म्हणाला, नाही उठणार.

"माझी शपथ घ्या."

"त्याला शपथ कशाला?"

"घ्या ना."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला तिच्या शपथेचं किती आहे ते मला ठाऊक आहे. चिंगी पाळण्यात होती तेव्हा तिच्या शपथेवर त्याने सिगारेट सोडली, ती पुन्हा कधी शिवली नाही.

मग आम्ही त्याचा सराव घेतला. आता सांगायला कसंतरी वाटतं, पण तेव्हा मजा आली. दादाला टेबलाशी बसवायचं आणि वहिनीने मुद्दाम चमचा खाली पाडायचा. दादा अर्धा उठायचा. वहिनी म्हणायची, बसा. तो बसायचा. मी पेला रिकामा करून आपटायचे, पुन्हा तो अर्धा वर, पुन्हा वहिनीचं बसा. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. दादाही हसत होता. मग त्यानेच तोड काढली. दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर बसला. वहिनीने दोन चमचे एकदम पाडले, तरी हलला नाही. बघा, जमलं की नाही, असं त्याने आमच्याकडे पाहिलं. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा दिसत होता, आणि माझं हसू एकाएकी ओसरलं.

कोटाचं माझ्याकडे लागलं. काळा नकोच, यावर वहिनीचं आणि माझं एकमत होतं. काळा कोट घालून दादा हॉलमध्ये शिरला असता तर कुणीतरी नक्की त्याच्याकडे पाणी मागितलं असतं. मी मातकट रंगाचं कापड आणलं आणि स्वतः शिवला. खांदे असे बसवले की मोठ्या दुकानातल्या कारागिराने मान डोलवावी. दादा आरशात बघून म्हणाला, हा कोण साहेब आलाय? चिंगीने मागून त्याला मिठी मारली.

सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, आम्ही हॉलमध्ये आलो. लांबलचक मुख्य टेबल होतं. मधे चिंगी आणि मुलगा, एका बाजूला डॉक्टर आणि बाई, दुसऱ्या बाजूला दादा, वहिनी आणि मी. दादाच्या पाठीमागे भिंतीशी लहान टेबल होतं, त्यावर पाण्याचे जग. दादा बसला आणि बसल्या बसल्या हात मांड्यांखाली. सूप आलं तसा मी त्याला कोपर मारला, तेव्हा उजवा हात बाहेर काढून त्याने चमचा धरला. दोन घोट घेतले की हात पुन्हा आत.

आमच्या बाजूला वाढायला लंब्याच आला. पांढरा शर्ट, काळं जाकीट, हातांत पांढरे हातमोजे. दादाला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हा भर हॉलमध्ये मिठी मारतो. पण मागे त्या हॉटेलचा मॅनेजर उभा होता. लंब्याने चेहरा आवरला, डाव्या बाजूने वाकला आणि म्हणाला,

"ब्रेड घेणार, सर?"

दादाने खाली पाहिलं. एवढा कानकोंडा झालेला मी त्याला डॉक्टरांच्या घरीही पाहिला नव्हता. दे, म्हणाला. आणि मग ओठ न हलवता विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का? लंब्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो वहिनीकडे वळला, तिला मॅडम म्हणाला आणि मला ताई म्हणता म्हणता मॅडम म्हणाला. हाच लंब्या चिंगीच्या बारशापासून आमच्या घरी येऊन वहिनीच्या हातचं मागून मागून खातो. त्याला दोष काय देणार, आणि दादाला तरी काय. दोघंही आपापल्या जागी नेमून दिलेलं करत होते.

जेवण चांगलं होतं म्हणतात. मला चव कळली नाही. माझा सगळा जीव दादाच्या हातांत अडकला होता. मुलाचा एक चुलतभाऊ उठला आणि त्याने मुलाच्या लहानपणीचा कसलातरी किस्सा सांगायला सुरुवात केली. सगळे खो खो हसले. चिंगीही हसली, तोंडात घास असताना, आणि तिला ठसका लागला.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग तिचा चेहरा लाल झाला. मुलगा तिच्या पाठीवर थोपटत होता. तिने पेल्याकडे हात नेला, पेला रिकामा. मुलाचाही रिकामा. तेव्हा त्या टेबलावरच्या सगळ्यांनी एकच गोष्ट केली. मान वळवली, हात वर केला आणि वेटर कुठे आहे ते बघायला लागले. त्यांना तसंच शिकवलंय, उठायचं त्यांच्याही अंगवळणी नाही. लंब्या हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन्ही हातांवर ताटं घेऊन.

पाण्याचा जग दादाच्या पाठीमागे होता. उठून एक पाऊल टाकलं असतं तर हाताला लागला असता.

मी दादाकडे पाहिलं. त्याचे खांदे वर आले होते, माझ्या शिलाईचा कोट पाठीवर ताणला होता. हात मांड्यांखाली. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. चिंगी खोकत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती मुलाकडे बघत नव्हती, डॉक्टरांकडेही नाही. ती दादाकडे बघत होती. लहानपणी ताप आला की बघायची तशी.

आम्हा दोघांच्या मधे अडकलेली वहिनी म्हणाली, "अहो, उठा की."

"तिची शपथ आहे," दादा म्हणाला.

मी उठायला गेले, पण माझी खुर्ची भिंत आणि टेबल यांच्यामध्ये अडकली. मी ती मागे ढकलत होते तोवर बाईंनी आपला स्वतःचा पेला चिंगीच्या ओठांना लावला. डॉक्टर तिच्या मागे जाऊन उभे राहिले. ती पाणी प्यायली, श्वास घेतला, आणखी प्यायली. झालं, संपलं. सगळं मिळून किती वेळ लागला असेल? भाजी करपायला लागतो तेवढाही नाही. चुलतभाऊ म्हणाला, माझा विनोद एवढा जीवघेणा असेल असं वाटलं नव्हतं, आणि हॉल पुन्हा हसला. लंब्या धावत आला आणि त्याने सगळ्यांचे पेले भरले, मॅनेजर त्याच्या कानाशी काहीतरी बोलला, लंब्याने मान खाली घातली.

बाई कुणालातरी हळूच म्हणाल्या ते मला ऐकू आलं. वडील किती शांत राहिले बघा, आम्हीच घाबरलो. त्यांनी चांगल्याच भावनेने म्हटलं असणार. त्यांचं सगळंच चांगल्या भावनेचं असतं. मला त्या क्षणी ते टेबल उलथून टाकावंसं वाटलं, आणि मी आपली हातातल्या रुमालाची घडी घालत बसले.

थोड्या वेळाने चिंगी उठून दादाच्या खुर्चीशी आली. डोळे अजून लाल होते.

"बाबा, पाणी द्यायचं ना मला," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतीच म्हणाली.

"तू सांगितलं होतंस," दादा म्हणाला.

लोकांचं काही सांडलं तर उठू नका, पण माझं असेल तर उठा, हे त्या रविवारी सांगायला हवं होतं, आणि ते आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दादाच्या कामात असली सूट कधी नसतेच. उभं राहायचं म्हटलं की उभं, बसायचं म्हटलं की बसायचं.

तेवढ्यात फोटोवाला आला. दोन्हीकडच्या घरच्यांचा एकत्र फोटो, म्हणाला, सगळे उभे राहा, नवरानवरीच्या मागे. डॉक्टर उठले, बाई उठल्या, वहिनी उठली, मी खुर्चीतून कशीबशी सुटून उठले. दादा बसलेलाच. फोटोवाल्याने डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली केला आणि म्हणाला, साहेब, तुम्हीपण. डॉक्टर आपुलकीने म्हणाले, चला, या मधे, माझ्या शेजारी या.

दादाने मांड्यांखालून हात काढले. ते बधिर झाले होते, बोटं पांढरीफटक पडली होती, आणि तो ती टेबलाच्या कडेवर घासत होता. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं नाही, फोटोवाल्याकडेही नाही. चिंगीकडे पाहिलं आणि त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर डॉक्टरांना विचारलं होतं ना, अगदी त्याच आवाजात, वाकून विचारावं तसं तिला विचारलं,

"उठू का?"

सगळे तिच्या उत्तराची वाट बघत होते. लंब्या पाण्याचा जग धरून भिंतीशी उभा होता, त्यानेही ऐकलं. चिंगीने मान हलवून हो म्हटलं. दुसरं काय करणार होती ती, फोटोवाला थांबला होता.